कॉमन पॅसेज खरा कुठे सुरू झाला

आमच्या बँडची जी गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहितीये ना, ती साफ खोटी आहे.

मीच रचलेली. आणि परवा नित्या गेला, त्यामुळे ती खोडून काढायला आता मी एकटाच उरलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बारा-तेरा वर्षांपूर्वी आमचा दोघांचा बँड होता, ‘कॉमन पॅसेज’. मी ऑक्टोपॅडवर, नितेश म्हणजे आपला नित्या बँजो वाजवत गायचा. दीड वर्ष, चार गाणी, खेळ खल्लास. तरी अजून कुणाचा तरी मेसेज येतो, दादा ती गाणी कुठे मिळतील?

परवापासून पोस्टी फिरतायत. ‘कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकाच हेडफोनवर गाणी ऐकणारे दोन मित्र...’

कसलं कॅन्टीन आणि कसलं काय. नित्या दहावीनंतर थेट कामाला लागला, परळला हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून.

आम्ही भेटलो नायगावच्या बीडीडी चाळीत. एका हळदीला.

नित्या त्याच चाळीतला. सुट्टीच्या दिवशी काकाच्या बँजो पार्टीत, हळदी-वरातींत वाजवायचा. त्या दिवशी त्यांचा पॅडवाला तापाने आडवा झाला, म्हणून कुणीतरी मला धाडलं. मी दादरचा, हिंदू कॉलनीतला, बाबा बँकेत. ‘क्लासला जातो’ सांगून निघालो होतो. आमच्याकडे लग्नात सनईची कॅसेट लावायचे, तीसुद्धा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बारीक.

चार वाजता सुरू केलं. दोन मोठे भोंगे, बायका नाचतायत, नवरी पाटावर. तिसऱ्या गाण्याला दुसऱ्या मजल्यावरून एक जण धावत खाली आला. वरचे आजोबा गेले.

चाळीत मयत झालं की आवाज बंद. कुणाला सांगावं लागत नाही. काकाने भोंगे उतरवले, पोरं सामान बांधून निघाली. हळद मात्र थांबवता येईना, दुसऱ्या दिवशी लग्न. नवरी अर्धी पिवळी होऊन तशीच बसलेली, तिला रडू आवरेना. मी आपला पॅडची बॅग खांद्याला लावून सटकायच्या बेतात.

तेवढ्यात त्या आजोबांची सून स्वतः खाली आली. डोळे सुजलेले. म्हणाली, “बाबांका गाणी आवडत. पोरीची हळद मुकी नको. हळू वाजवा, पण वाजवा.”

काका म्हणाला, “बँजो हळू वाजत नाय, वयनी.”

नित्या म्हणाला, “बघतो मी.”

त्याने बँजो एका छोट्या स्पीकरला लावला आणि स्पीकरवर पंचा टाकला. मग माझ्याकडे बघून, “ए दादर, तुझ्या पॅडचा आवाज एकवर ठेव. आणि जरा कमी मार. दिसला ठोका की हाणलाच पाहिजे असं नाय.”

नेहमीचंच हळदीचं गाणं त्याने इतकं सावकाश वाजवलं की मला ते ओळखूच येईना. बायका हलक्या हाताने टाळ्या द्यायला लागल्या. वरचं रडणं ऐकू येत होतं आणि खालचं गाणंही.

तोच आमचा साऊंड. पुढे एका ब्लॉगवाल्याने त्याला ‘मिनिमल’ म्हटलं. मिनिमल काय डोंबल. वर मयत होतं, म्हणून हळू वाजवत होतो.

निघताना नित्या म्हणाला, “रविवारी ये. असंच वाजवून बघू. यातून काहीतरी निघेल.”

झाला बँड सुरू. डोकं त्याचं, चाली त्याच्या, बोलावणंही त्याचं. त्याच्या खोलीबाहेरच्या कॉमन पॅसेजमध्ये रविवार रविवार करत चार गाणी झाली. त्याची आई मधेच येऊन “मेल्यांनो, जेवा आधी” म्हणायची आणि ताटंच आणून ठेवायची.

मग परळच्या एका जुन्या मिलमध्ये शो मिळाला. शो संपल्यावर एक कॅमेरावाली मुलगी विचारते, कशी झाली सुरुवात? समोर सगळं इंग्रजी पब्लिक. नित्या शेजारीच वायरी गुंडाळत होता.

मी म्हणालो, कॉलेज कॅन्टीन. हेडफोनचं तर तिथल्या तिथे सुचलं.

मला बँजो पार्टीची लाज वाटली. बाकी काही कारण नाही, उगाच शोधू नका.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “मी कुठल्या कॉलेजात होतो रे?”

“अरे, हळद-बिळद सांगितलं तर लोक हसतील.”

“हं. चहा घेणार?”

भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही. पुढे दर रविवारी त्याला कुठल्यातरी हळदीची सुपारी असायला लागली आणि आमचं वाजवणं थांबलं. मी जगाला सांगत सुटलो, नित्या सिरीयस नव्हता. तेही खोटंच.

काल त्याच्या घरी गेलो. चाळ रिकामी केल्यापासून ते शिवडीला भाड्याने राहतात. वहिनींना मी पहिल्यांदाच भेटलो, त्यांचं लग्न बँडनंतरचं. मुलीला जवळ घेऊन म्हणाल्या, “हे बाबांचे कॉलेजातले मित्र. थोडेच दिवस होते ना बाबा कॉलेजात? कॅन्टीनमध्ये एका हेडफोनवर गाणी ऐकायचे दोघं.”

मला कळेना कुठे बघू. माझं खोटं त्याने स्वतःच्या घरातसुद्धा सांभाळलं होतं. मी तोंडघशी पडू नये म्हणून, इतकी वर्षं.

मुलगी सात-आठ वर्षांची. मला विचारते, “बाबा कुठल्या कानाने ऐकायचे?”

मी म्हणालो, “डाव्या.”

नित्या समोर फोटोत, हार घातलेला, आणि मी त्याच्या पोरीला अजून एक थाप मारून घरी आलो.

वहिनी, म्हणून हे लिहितोय. तिला वाचून दाखवा. तिचा बाबा माझ्याबरोबर कुठल्याच कॅन्टीनमध्ये बसला नाही. बँड त्याने काढला, त्याच्या चाळीत, सगळे गप्प बसलेले असताना. मी त्या दिवशी पळून चाललो होतो. त्याने थांबवलं.

नित्या, चुकलो रे. माफ कर.

माझ्या मित्राला श्रद्धांजली, आणि या वेळी खरी गोष्ट सांगून.