मंडळी म्हणजे कोण

तेलंगणातल्या इचोड्यात ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची उपासना भरते. पास्टर तेलुगूत बोलतात आणि मी शेजारी उभी राहून ते मराठीत सांगते. खेड्यांतून येणाऱ्या बायकांना तेलुगू बाजारापुरतीच येते.

त्या रविवारी बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातल्या दोन बायांवर प्रवचन होतं. एक सूर्य पांघरलेली, बाळासाठी संकट सोसणारी. दुसरी किरमिजी वस्त्रांतली, राजांच्या नादी लागलेली. पास्टर म्हणाले, भविष्यवाणीत बाई म्हणजे संघम. मी त्यासाठी आमच्या मराठी बायबलातला, चर्चसाठीचा शब्द घेतला, "बाई म्हणजे मंडळी. एक इमानी, दुसरी बेइमान."

आमच्याकडे जुने लोक बायकोलाच 'मंडळी' म्हणतात. ऐकणाऱ्यांनी सरळ तोच अर्थ धरला आणि साऱ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. तिथे वांगी विकणारी एक बाई बसली होती. मारणाऱ्या नवऱ्याचं घर सोडून ती लेकीला घेऊन इचोड्यात राहायला आली होती. तिच्या शेजारच्या दोघी उठून दुसऱ्या सतरंजीवर गेल्या.

प्रार्थना संपली, लोक चपला शोधू लागले. ती जागची हलली नाही.

"ताई, पास्टरले इचारा. थ्या दुसऱ्या बाईले तिचा नवरा मारत होता का?"

मी विचारलं. पास्टर गोंधळले. "नवरा? कोणाचा नवरा?" मग मला उलगडा झाला आणि मी त्यांना आमचा 'मंडळी' शब्द समजावला. त्यांनी कपाळाला हात लावला.

"ती कुणाच्या घरची बायको नाही," ते म्हणाले. "देवाचं नाव घेऊन पैशाच्या, सत्तेच्या मागे जाणारे भक्त, ती दुसरी. छळ झाला तरी देवाला न सोडणारे, ती पहिली."

मी ते तिला सांगितलं.

"म्हंजे दोनीबी आपणच? इथं बसलो ते सारे?"

"हो."

"मंग सारे मायाकडंच काऊन पाहून राह्यले?"

हे मी पास्टरांना तेलुगूत सांगितलं. मग लोकांकडे तोंड करून मराठीतही म्हटलं, चांगलं खणखणीत. तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी म्हटलं.

"बसा," पास्टर म्हणाले. "पुन्हा सांगतो."

"बस निघून जाईन ना," दाराशी एक म्हातारबा कुरकुरले.

"जाऊ द्या बस, बाबाजी," ती म्हणाली.

ते बसले. या खेपेला मी 'मंडळी' म्हटलंच नाही. प्रत्येक ठिकाणी 'आपण सारे' म्हणत गेले. 'आपण सारे बेइमान' म्हणताना माझीही जीभ अडली, पण मी शब्द गाळला नाही. या वेळी भिंतीकडे कुणी पाहिलं नाही.

उठून गेलेल्या दोघींपैकी एक पुढच्या रविवारी तिच्याजवळ येऊन बसली. दुसरीनं यायचंच सोडलं. मी आता शनिवारीच पास्टरांकडे जाऊन एकेक शब्द विचारून घेते. ते वैतागतात, पण सांगतात. आणि ती सगळ्यांत पुढे बसते. एखादी गोष्ट कळली नाही की सरळ हात वर करते, आणि कळेपर्यंत तो खाली घेत नाही.