साडूच्या इंजिनातलं शून्य

मशीनवाल्याचं पोट दुखायला लागलं की घरात कोणी औषध शोधत नसे. बायको फक्त विचारायची, "आज काय घेतलं त्यांनी?"

'त्यांनी' म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. हा साडू चष्म्याच्या दुकानाचा मालक. उंचापुरा, हसतमुख, बोलायला गोड. मशीनवाल्याच्या मते त्याच्यात खोट एकच, ती म्हणजे हे सगळं खरं होतं.

मशीनवाला शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. लोकांनी भंगारात काढलेलं मशीन त्याच्या हाताखाली पुन्हा टाके घालू लागे. पण साडूने घरावर मजला चढवला, तेव्हा ह्याच्याकडून जेमतेम जिन्याला रंग देऊन झाला. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत छोट्या आगगाड्यांचा क्लब निघाला, तेव्हा मशीनवाला सगळ्यांत आधी सभासद झाला. निदान इथे तरी साडू नसेल! वर्ष सरायच्या आत साडू तिथेही हजर, हातात नवंकोरं इंजिन घेऊन.

या इंजिनांच्या पोटात नखाएवढी एक पट्टी असते, तिला डिकोडर म्हणतात. त्यात खण असतात आणि प्रत्येक खणात आकडा भरता येतो. तिसऱ्या खणातला आकडा वाढवला की इंजिन सावकाश वेग घेतं, चौथ्यातला वाढवला की सावकाश थांबतं. दोन्हीकडे शून्य असलं, तर वेगाचं बटण फिरवाल तसं त्याच क्षणी पळतं, आणि हात कच्चा असेल तर झटक्यावर झटके.

मशीनवाल्याचा आकड्यांवर विश्वास नव्हता, तेलावर होता. तो तेल घालत राहिला आणि त्याचं इंजिन उड्या मारत राहिलं. क्लबात त्या इंजिनाला 'बेडूक' नाव पडलं. साडूचं असं सुटायचं, की मागच्या डब्यालाही पत्ता लागू नये. ते 'राजहंस'.

"दादा, तेल पुरे झालं आता," साडू म्हणाला. "खणातले आकडे बघा. मी लावून देऊ का?"

ते 'लावून देऊ का' महिनाभर कानात सलत राहिलं. त्या महिन्यात मशीनवाला खपून आकडे शिकला, दोन्ही खणांत चांगले मोठे आकडे भरले आणि बेडकाच्या उड्या थांबल्या. कोणी म्हटलं का काही? छे! जणू बेडकाने चालायलाच हवं होतं.

त्यात सासऱ्यांची भर. सासरे आगगाडीचे निवृत्त ड्रायव्हर. कौतुकाचा शब्द ते घासून पुसून, जपून वापरायचे. मशीनवाल्याने सासूबाईंचं मशीन दरवेळी फुकट दुरुस्त केलं आणि दरवेळी एकच शब्द ऐकला, "बरं." परवा मात्र साडूने फोनवर राजहंस चालताना दाखवला आणि सासरे म्हणाले, "वा!"

त्या 'वा'ने मशीनवाल्याची भूक गेली.

क्लबाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. पहिली गाडी सासऱ्यांनी चालवायची हे ठरलं. कोणत्या जावयाचं इंजिन? सासरे म्हणाले, "रविवारी दोन्ही चालवून बघतो. जे चांगलं ते."

शनिवारी दुपारी मशीनवाला रूळ पुसायला क्लबात गेला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. फळीवर राजहंस उभा होता, मालकासारखाच चकचकीत. आकडे भरायचा वेगळा रूळ होता, त्यावर त्याने तो ठेवला. नुसतं बघायचं होतं, देवाशपथ. बघितलं. आकडे चांगलेच होते, म्हणूनच राग आला. तिसऱ्या खणात त्याने शून्य घातलं, चौथ्यात शून्य घातलं. चोरी नाही, मोडतोड नाही. जरा ओझं कमी केलं, इतकंच. मग हाताच्या सवयीने चाकं पुसून इंजिन जागच्या जागी ठेवलं.

रविवारी दोन्ही लेकी, दोन्ही जावई आणि क्लबातली मंडळी टेबलाभोवती जमली. सासरे खुर्चीत बसले. आधी बेडूक. सासऱ्यांनी बटण फिरवलं. इंजिन विचारात पडलं.

"सुटलं का हो?"

"सुटतंय बाबा. हळूहळू वेग घेतं."

स्टेशन आलं तसं सासऱ्यांनी बटण मागे घेतलं. बेडूक मोठ्या डौलात फलाटावरून पुढे निघून गेला.

"हे ऐकतंय, की ऐकल्याचं सोंग करतंय?"

सगळे हसले. साडू जरा कमी हसला, तेच जास्त लागलं.

मग राजहंस. मशीनवाला पुढे सरकला. आता उसळेल, आता डबे आपटतील. सासऱ्यांनी बटणाला बोट लावलं आणि केसाएवढं फिरवलं. राजहंस केसाएवढाच हलला. आणखी जरा, तो आणखी जरा. वळणावर हात आवरला, तसा तोही आवरला. फलाटाच्या टोकाला असा थांबला, की मध्ये कागद सरकला नसता.

"वा!" सासरे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "वा! खऱ्या गाडीत मागे ओझं किती, ते बसल्या जागी कळायचं. इथे आत बसायची सोय नाही, मग हाताला तरी कळू दे. हे माझ्या हाताचं ऐकतंय. कोणी लावलं असं?"

साडूने इंजिनाकडे बघितलं. कपाळाला एक आठी पडली. मग हसून म्हणाला, "मुद्दामच शून्य ठेवलं बाबा. तुमचा हात ओळखून आहे ना मी."

मशीनवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गप्प बसलं तर 'वा' त्याचा. बोललं तर अब्रू गेली. त्याने अब्रूकडे एकदा बघून घेतलं.

"शून्य मी घातलंय!"

बायकोने कपाळाला हात लावला.

"तुम्ही? ह्यांच्या इंजिनात?" सासरे म्हणाले. "कशाला?"

'तुमच्यासाठी' हे उत्तर साडूने आयतं वाढून ठेवलं होतं. पण साडूचं उष्टं उत्तर द्यायचं?

"झटके खावेत म्हणून," मशीनवाला म्हणाला.

साडूचे कान लाल झाले. सासरे आधी खोकले, मग खोकल्याचं हसू झालं, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "प्रदर्शनात हेच चालवीन," ते म्हणाले, "आणि शून्याला कोणी हात लावायचा नाही. दोघांनीही."

घरी जाताना बायको चार पावलं पुढे चालत होती.

"अगं, बाबा दोनदा 'वा' म्हणाले ना?"

"अहो, तोंड मिटा."

"एक इंजिनाला, एक शून्याला. असंच धरायचं ना?"

तिने चाल वाढवली. कोपऱ्यावर त्याने तिला गाठलं. त्याला राहवेना.

"पण त्यातला मोठ्याने कुठला म्हणाले, पहिला की दुसरा?"