चार डिस्क आणि एक धवलारीण

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्यात, खोपटला, एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरीला होते. मालकांना मी सर म्हणायचे. त्यांनी बाहेरून जोडायच्या चार हार्ड डिस्क आणल्या होत्या आणि चारही मिळून एकच मोठी डिस्क केली होती. प्रत्येक गाण्याचे तुकडे चारही डिस्कवर विखुरलेले असत.

त्यात सगळ्यात मोलाचे होते ते आगरी लग्नातले धवळे. दिवा स्टेशनच्या पलीकडच्या एका गावातली धवलारीण आजी, म्हणजे लग्न लावताना ही गाणी म्हणणारी बाई, दहा दिवस येऊन ते गाऊन गेली होती.

पुढे स्टुडिओ डोंबिवलीला हलला. सरांनी नवा कॉम्प्युटर घेतला, जुना विठ्ठलवाडीच्या मेहुण्यांना देऊन टाकला. चारही डिस्क मी सतरंजीत गुंडाळून टेम्पोत मांडीवर धरून आणल्या. एकीलाही धक्का लागला नाही.

नव्या जागेत गाणी ऐकायला सरांनी आजीला बोलावलं होतं. ती खुर्चीत बसली. मी डिस्क जोडल्या. कॉम्प्युटरला चार कोऱ्या डिस्क दिसल्या. त्या वापरासाठी तयार करू का, असं त्याने विचारलं.

"विचारतोय तर हो म्हणा," सर म्हणाले.

"सर, हो म्हटलं तर सगळं जाईल."

चार डिस्क कशा जोडल्यात ही माहिती डिस्कवर नव्हती, जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. सरांनी मेहुण्यांना फोन लावला. मेहुणे म्हणाले, "जुनं सगळं पुसायला माणूस आलाय. चहा घेतोय."

"त्याला अजून एक चहा द्या," सर म्हणाले आणि खाली बसले.

मी फ्लॉपी घेऊन विठ्ठलवाडीला गेले. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलेलं होतं. तो माणूस तिसरा कप पीत होता. डिस्कची माहिती फ्लॉपीवर घ्यायला दोन मिनिटं लागली.

परत आले तेव्हा आजी तिथेच होती. सरांनी तिला काय घोटाळा झालाय ते सांगितलं होतं.

"आरं, येवढं कशाला घाबरलाव?" ती म्हणाली. "मी पुना गायली आसती."

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

फ्लॉपी घातली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. चारांची एक डिस्क झाली आणि आजीचा आवाज खोलीभर आला. आजीने डोळे मिटून पहिला धवळा ऐकला. दुसरा अर्ध्यावर असताना तिने डोळे उघडले.

"ह्यो चुकलाय. पुसून टाक."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही कळा दाबल्या. "पुसला, आजी," मी म्हणाले.

तिने तो धवळा नव्याने म्हटला. आम्ही तोही ठेवला. माझ्या कानाला दोन्हींत आजवर काही फरक सापडलेला नाही.