अण्णांचं पळणं

एक चक्कर झाली की अण्णा मैदानाच्या कठड्यापाशी थांबायचे, गळ्यातला टॉवेल काढायचे आणि सगळ्यांदेखत पिळायचे. पाच-सहा थेंब मातीत पडले की माझ्याकडे बघून म्हणायचे, "बघा सर. कॅलरी." डोंबलाच्या कॅलरी! तो घाम होता, निव्वळ पाणी. घरी जाऊन दोन तांबे ढोसले की होतं तेवढं वजन परत. पण अण्णांच्या मते ती वितळलेली चरबी होती. मी तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, नाना तऱ्हेची ढ पोरं पळवली, पण असला मठ्ठ गडी दुसरा पाहिला नाही.

अण्णा आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळचे दुधनीचे, इथे एका कचेरीत कारकून. पोट शर्टाच्या बटणांमधून बाहेर डोकावायचं. डोकावेना का, माझं काय जात होतं? पण त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मूलबाळ नाही, माहेरचं कुणी उरलेलं नाही. अण्णांची किडनी जुळत होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, बारा किलो उतरवा, मग शस्त्रक्रियेचं बघू. म्हणून हे पळणं.

आणि शिकवायला कोण, तर मी. पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं की नवख्या माणसाने सुसाट सुटायचं नसतं. दोन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकंच सावकाश पळा. पाच मिनिटांत धापा टाकून बसलात तर जळणार काय? पाऊण तास टिका, आठवड्याआठवड्याने पळायची मिनिटं वाढवा, आणि रोजच्या ताटातली एक भाकरी कमी करा. अण्णा मान डोलवत म्हणाले, "व्हय की सर, लई सोपं हाय." आणि सोलापूरच्या मे महिन्यात, अंगात लोकरीचा स्वेटर घालून, मागे कुत्रं लागल्यासारखे सुटले. अर्ध्या चकरेत बसले. उरलेली अर्धी चालत आले आणि टॉवेल पिळला.

त्यानंतर भज्यांचा गाडा. मी डोळे वटारले की ठरलेलं वाक्य यायचं, "इतकं पळल्यावर अंगात कायतरी जायला नको का?" तुम्हीही बघितले असतील असे लोक, चमचाभर व्यायाम आणि परातभर खाणं. तीन महिन्यांनी काट्यावर उभे राहिले तर दोन किलो वाढलेले. वर मलाच सांगतात, पळून पळून हाडं जड झाली. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना वाट्टेल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वेटर घालून हजर.

मग एकदा काय झालं, डॉक्टरांकडे वजन दाखवायला जायच्या आदल्या दिवशी मी स्टेशनकडच्या एका खानावळीत शिरलो, तर कोपऱ्यात अण्णा. पुढ्यात शेंगापोळ्यांची चवड आणि तुपाची वाटी. मी शिव्या द्यायच्या तयारीनेच जवळ गेलो. पण माणूस चवीने खात नव्हता. घास गिळवत नव्हता तरी पाण्याबरोबर आत ढकलत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. मला बघून त्यांचा हात थांबला.

"सर, अंग फाडत्यात म्हणं," ते म्हणाले. "मला लई भ्या वाटतंय."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मठ्ठ मीच होतो. हा माणूस वजन उतरवत नव्हता, जपत होता. मग पळायचं सोंग कशाला, असं मी विचारलं. त्यांनी खाली बघत सांगितलं, "तिला खिडकीतनं मैदान दिसतंय की."

मला किळस आली, खोटं कशाला बोलू! तिथून उठलो तो थेट वहिनींकडे गेलो. त्या खिडकीशी बसून शेंगा फोडत होत्या, हाताला सुयांच्या जागी काळेनिळे डाग. मी सगळं सांगून टाकलं. सत्याची फार हौस मला. त्यांनी ताटलीतली टरफलं फुंकली आणि मला चहा घेणार का विचारलं. मी नको म्हणालो.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हणायची छाती न्हाय हो ह्यांची. पळत्यात, तर पळू द्या की."

'पळत्यात' या शब्दावर त्या किंचित हसल्या. मला हसू आलं नाही. मी कुणाला काही बोललो नाही, पण मैदानावर अण्णांशी बोलणं टाकलं. त्यांनी टॉवेल पिळला की मी पाठ फिरवायचो. वहिनी दिवाळीच्या आधी गेल्या.

त्यानंतर अण्णा एक पाऊलही पळाले नाहीत. जेवण सुटलं. दोन-तीन महिन्यांत माणूस निम्मा झाला, पँट कमरेला सुतळीने बांधायला लागला. बारा काय, अठरा किलो गेले असतील. मग दुधनीला भावाकडे कायमचं जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन ते माझ्या दाराशी आले. मी मैदानावर जायला निघालोच होतो.

"सर, आता वजन बरोबर भरतंय," ते म्हणाले. "कुणाला उपेग हुईल का?"

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ते बराच वेळ उभे होते. दोन्ही नाड्या केव्हाच बांधून झाल्या होत्या, पण त्यांची चप्पल जिन्यावरून पार खाली जाईपर्यंत मी मान वर केली नाही.