थांबली की रुसणारी गाडी

साडूने मला फसवलं, असं मी त्या उन्हाळ्यात भेटेल त्याला सांगत होतो. डोक्यावर टोपली घेऊन फळांचा धंदा सुरू केलेला माणूस मी; आज बुलढाण्याच्या बाजारात माझ्याशी भाव करायचा तर लोक आधी पाणी पिऊन घेतात. आणि मलाच देऊळगाव राजाच्या या निवृत्त कारकुनाने त्याची जुनी, कार्बोरेटरवाली गाडी गळ्यात मारली! मी भाव पाडला तेव्हा त्याने फारसं ताणलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सकाळी गाडी झकास चाले. दुपारी मी कुठे लिंबं बघायला उतरलो आणि परत येऊन चावी फिरवली, की इंजिन नुसतं घरघरे, पेट घेईना. ऊन उतरलं की आपोआप सुरू. मिस्त्रीकडे नेली तर तिथेही सुरू. प्लग बदलले, टाकी साफ केली. मला वेड्यात कोण काढतंय, गाडी की साडू, तेच कळेना.

शेवटी मी घरात जाहीर केलं, तो गाडी परत घेत नाही तोवर त्याच्या दारात पाय ठेवणार नाही. नेमकं त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. माझी बायको नवरीची सख्खी मावशी. ती एवढंच म्हणाली, "मी एष्टीनं जातो. तुमी बसा गाडीले कवटाळून."

तिचं ते शांत बोलणं मला झोंबलं. भर उन्हात तिला घेऊन मी देऊळगावला गेलो आणि साडूला म्हणालो, "बसा, चालवा. तुमच्याच हातानं बंद पडू द्या."

त्याने चिखली रस्त्याला लांबवर नेऊन गाडी परत फिरवली. एक आचका नाही. "कुठं बंद पडायली, साडूभाऊ?"

तेवढ्यात रस्त्याकडेला टरबुजांचा ढीग दिसला. "थांबवा," मी म्हणालो. उतरलो, भाव केला, रागातच जरा जास्त ताणला. परत आलो तर गाडी सुरू होईना.

"आता बोला!" मी ओरडलो. मला इतका आनंद झाला, की टरबूज हातातून पडता पडता राहिलं.

साडू गोंधळला. "इतकी वर्षं चालवली मी. असं कधी झालं नाही हो."

मागून बायको म्हणाली, "काऊन होईन, भाऊजी? तुमी घरून निघाले का हापिसातच थांबत. याईले ढीग दिसला का उतरल्याशिवाय राहवते का?"

साडूने बॉनेट उघडलं, पेट्रोल पंपाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग हळूहळू त्याचं त्यालाच उमगत गेलं. गाडी चालते तोवर आत वारा फिरतो, ताजं पेट्रोल वाहतं. तापलेलं इंजिन बंद केलं की धग बॉनेटखाली कोंडते, पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. त्याने रुमाल भिजवून पंपावर ठेवला. थोड्या वेळाने चावी फिरवली. सुरू.

त्याने चावी काढून माझ्यापुढे धरली. "तुमचं मन नसंल तर परत घेतो. पण लग्नाला या."

मी चावी घेतली आणि खिशात टाकली. का, ते आजही सांगता येत नाही. गाडीत खोट नव्हती, त्याच्या बोलण्यातही नव्हती. तरी मला कुठेतरी गंडवलंय असं वाटतंच. फक्त ती जागा सापडत नाही.

हळदीला आम्ही त्याच गाडीने गेलो. सावलीत लावली, बॉनेट उघडं ठेवलं, पंपावर ओला फडका टाकला. येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, "बंद पडली काय?"

साडू मांडवातून ओरडून सांगे, "नाही, नाही! साडूभाऊ घाम पुसायलेत तिचा."

सगळे हसले. मीही हसलो असेन. बायको मात्र माझ्याकडे बघत होती, मी चिडलो की नाही ते ठरवत. आणि मी तिच्याकडे, तिने काय ठरवलं ते बघत.