न दिलेला कबुलीजबाब

एका व्हॅनची चोरी मला आजही जशीच्या तशी आठवते. आमच्या पोलीस ठाण्याच्या कागदांत तो गुन्हा उघडकीस आला म्हणून बंद झाला. माझ्या डोक्यातला त्याचा गुंता मात्र निवृत्तीनंतरही सुटलेला नाही.

पोलादपूरजवळच्या एका वाडीतला थोरला मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या कामगारांची व्हॅनने ने-आण करायचा. घरात आईवडील आणि मुंबईहून परतलेला धाकटा भाऊ. गाडी गेली तेव्हा चौघेही फिर्याद द्यायला आले. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "चावी कुठे होती?"

"देवळात," वडील म्हणाले.

"देवळात कशाला?"

"खिळ्याला अडकवतो. कुणाला पान लागलं, म्हंजे साप चावला, बाई बाळंतपणात अडली, तर ज्याला चालवता येते त्यानं घेऊन जायची. विचारायचं नाय कुणाला."

रस्ता देवळापाशी संपतो, म्हणून गाडीही तिथेच उभी असायची. पंचनाम्याला गेलो तर खिळा खरोखरच होता आणि देऊळ उघडे. इतक्या वर्षांच्या नोकरीत असले काही पाहिले नव्हते. मी सरळ हिशेब केला: खिळा वाडीला माहीत, म्हणजे चोर वाडीतलाच. त्यात एका खबऱ्याने कळवले की गाडी विकून मुंबईला जावे म्हणून धाकटा थोरल्याशी भांडला होता. मी धाकट्याला चौकशीला आणून बसवला.

तो बोलेचना. मी ओरडलो, चहा पाजला, पुन्हा ओरडलो. "मी नाय नेली" एवढे एकदा म्हणून तो जमिनीकडे बघत बसला. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो असे आम्हाला वाटते. खरे तर कितीतरी माणसे नुसत्या भीतीने गप्प होतात.

बाहेर बाकावर त्याची आई आणि वाडीतले काही लोक बसले होते. मी बाहेर जाऊन सर्वांदेखत म्हणालो, "मुलगा कबूल झालाय. गाडी कुठे ठेवलीय तेवढं सांगा, प्रकरण इथेच मिटवू."

हे खोटे होते. घरच्यांकडून काढून घेण्याची ती आमची जुनी युक्ती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सायब, त्याच्या पोटात काय राहत नाय. त्यानं चोरी केली असती तर आदी मला सांगितलं असतं, मग केली असती."

एक शिपाई हसला. वाडीतले लोक हसले नाहीत. ते एकमेकांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते कुटुंब ग्रामदेवीला गाऱ्हाणे घालणार असे कळले. गाऱ्हाण्यात संशयिताचे नाव घेतात, म्हणून साध्या कपड्यांत एक शिपाई पाठवला. तो गोंधळून परतला.

"नाव कुणाचंच घेतलं नाही साहेब. पोराचा बाप म्हणाला, गाडी गेली तर जाव दे, पण पोराचं तोंड गावात वर राहू दे."

"मग फिर्याद कशाला दिली?"

"ते मी कसं विचारणार साहेब?"

गाडीवर घर चालणारी माणसे गाडी सोडून भलतेच काय मागत होती, मला कळेना. पुढच्या आठवड्यात वीर स्टेशनच्या एका रिक्षावाल्याने खबर दिली की दासगावच्या बाजूला ताडपत्रीखाली तसलीच व्हॅन उभी आहे. नंबरपाटी बदललेली होती. इंजिनाचा नंबर जुळला. ताडपत्री आणून देणाऱ्यापासून माग काढत आम्ही एका कंत्राटी कामगाराला धरले. तो बाहेरगावचा, रोज त्याच व्हॅनने कामावर जाणारा. एकदा गाडीबरोबर वाडीपर्यंत आला तेव्हा चावी कुठे असते ते त्याने पाहिले होते. "कुणी अडवलंच नाही," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

गाडी परत गेली. आमच्या तपासाचे कौतुक छापून आले. धाकट्याला मी आधीच सोडले होते. वाडीला काही सांगायची गरज आहे असे मला वाटले नाही.

काही वर्षांनी शिमग्याच्या बंदोबस्ताला त्याच वाडीत गेलो. पालखी नाचत होती. प्रत्येक घरचा माणूस खांदा देत होता आणि धाकटा एका बाजूला उभा होता. मी एका म्हाताऱ्याला कारण विचारले.

"दरसाल येतो, पण त्याला खांदा लावू देत नाय. त्यो पोलिसांत कबूल झालेला. बाहेरच्याला त्यानंच चावी दाखवली आसंल. तुमालाच ठाव."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे आजही सांगता येत नाही. तरीही धाकटा दरवर्षी तिथे का येत होता, तेही कळले नाही.

या गुन्ह्याने मला एवढेच शिकवले की चोर पकडल्याने निर्दोष माणूस आपोआप सुटत नाही. त्याला वेगळे सोडवावे लागते, आणि ज्याने अडकवले त्यानेच.

यंदा शिमग्याला मी पुन्हा गेलो. पालखी टेकली होती, गाऱ्हाण्याला गाव जमला होता. गावकऱ्यांची परवानगी घेऊन उभा राहिलो. वडील आता नाहीत. आई पुढेच बसल्या होत्या. रागावतील असे वाटले होते. त्यांनी मला बसायला जागा करून दिली. मी उभ्यानेच धाकट्याकडे हात करून म्हणालो, "हा कधीच कबूल झाला नव्हता. ते मी खोटं सांगितलं होतं."

बाईंनी मान वर केली. "मोठ्यानं बोला सायब. मागच्यांना ऐकायला जात नाय."

मी पुन्हा सांगितले, मोठ्याने.