तलावाचा उतार

रविवार सकाळ. हजर: मी, आमच्या इमारतीतले दोघे शेजारी, दोन कयाक आणि उतारावर गळ टाकून बसलेले काका.

काकांचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. वाघोलीपलीकडच्या या तलावात होडी उतरवायला हा एकच उतार आहे, आणि ते नेमके त्याच्या तोंडाशी बसतात. डोक्याला उपरणं, शेजारी कणकेच्या गोळ्यांचा डबा. आम्ही दिसलो की पाण्याकडे बघतच म्हणतात, "आली वरात. आता मासं कशाला थांबत्यात."

आज उतारावर साखळी होती. वरच्या नव्या सोसायटीचा रखवालदार म्हणाला, ही जागा आता खासगी आहे. आम्ही कयाक परत गाडीवर चढवायला लागलो. तेवढ्यात काकांनी गळ खाली ठेवला, कयाकचं पुढचं टोक धरलं आणि साखळीवरून पलीकडे नेलं. आजवर त्यांनी आमच्या होडीला बोटही लावलं नव्हतं. रखवालदार आपल्या खुर्चीकडे परत गेला.

"रविवारचंच काय येता, ताई? मधल्या वारी बी या की."

"अहो काका, मासे पळतात ना?"

"पळू द्या. मी एकटा बसलो तर म्हणतील, म्हाताऱ्याचा नाद हाय. लोकांच्या होड्या रोज उतरल्या तर वहिवाट म्हणावी लागंल. मग लावा म्हणावं साखळी."

आम्ही त्यांना आवडतो की फक्त उपयोगी पडतो, हे मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन मी कोणत्या वारी कोण होडी उतरवणार, याचा सोमवार ते शनिवारचा तक्ता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अंगठे सगळ्यांचे आले. वारापुढे नाव मात्र अजून कुणाचंच नाही, माझंही.